झाडाला हत्यार लावण्याआधी छाटणी शिकून घ्या

मे महिना लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये पावसाआधी झाडं छाटून घेण्याची घाई सुरू होते. कंत्राटदार येतो, दोन माणसं कोयता-करवत घेऊन वर चढतात आणि संध्याकाळपर्यंत गुलमोहराचा नुसता सोट उरतो. फांदी पडून कुणाला इजा होऊ नये, ही काळजी रास्तच आहे. पण अशा मुंडणाने धोका टळत नाही, काही वर्षांनी तो वाढून परत येतो. म्हणून सर्व सभासदांना कळकळीची विनंती: आपल्या सोसायटीतल्या एक-दोघांनी तरी छाटणी नीट शिकून घ्यावी.

छाटणी ही शिकायची विद्या आहे, हे शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार पुरतं जाणून असतो. त्याच्या बागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओलांड्यावर नव्या काड्या फुटतात आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्याच काड्यांवर घड येतात. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे, हे तो काडी पाहून ठरवतो. अंदाज चुकला तर त्या हंगामाचं पीक हातचं जातं, म्हणून नवखा माणूस आधी जाणत्याच्या हाताखाली शिकतो. वेलीला लहानपणापासून असं वळण मिळालं, तर तिला दरवर्षीची कात्री सोसते. इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ साली लावलेली द्राक्षवेल अशीच छाटणी घेत आजही फळते आहे.

मग गुलमोहराला का सोसू नये? कारण वेलीची काडी बोटाएवढी असते आणि आपण झाडाची मांडीएवढी फांदी कापतो. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी आयुष्यभर हजारो झाडं चिरून आतून तपासली. त्यांना दिसलं ते असं: आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून ठेवतं आणि वरून नव्या लाकडाचं आवरण चढवतं. जखम लहान असेल तर ती लवकर झाकली जाते. मोठी असेल तर झाकली जाण्याआधीच बुरशी आत शिरते आणि खोड पोखरलं जातं.

शेंडा उडवलेल्या झाडाचं दुखणं आणखी वेगळं. पानं गेली की अन्न बनवणं थांबतं. मग झाड साठवणीतलं अन्न खर्चून भराभर पाणसोट काढतं. हे फुटवे खोडाच्या आतून रुजलेले नसतात, वरच्या थरालाच धरून असतात. ते झपाट्याने उंच आणि जड होतात आणि खालचं लाकूड मात्र कुजत जातं. जुलैच्या एखाद्या वादळी रात्री आधी मोडतात ते हेच.

योग्य छाटणीचे नियम थोडे आहेत आणि कुणालाही समजतील असे आहेत. आधी वाळलेल्या, मोडक्या, कीड लागलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. एका वेळी झाडाचा पाव भागाहून जास्त हिरवा पाला जाऊ देऊ नका. एकच बाजू साफ करू नका, झाडाचा तोल जातो. आतला सगळा पाला काढून टोकाला झुपका ठेवणंही वाईट, कारण सगळा भार टोकाशी जातो.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते. जखम झाकण्याची ताकद तिथेच असते. काप या वळीच्या लगेच बाहेर घ्या. वळी कापू नका आणि लांब खुंटही ठेवू नका. जाड फांदी तीन कापांत उतरवा. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, अर्धवट. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. तिसरा वळीजवळ, उरलेला खुंट काढण्यासाठी. फांदीवर चढणं आणि करवत चालवणं हे मात्र सवयीच्या माणसाचंच काम. तुम्ही खाली उभं राहून कुठे कापायचं ते दाखवा.

वेळही महत्त्वाची. सुकी, लोंबकळणारी फांदी केव्हाही काढावी, पण मोठी छाटणी थंडीत उरकावी. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी भरलेली असतात, पाठोपाठ बगळेही वीण घालतात. शिवाय ताज्या जखमेवर कोकणपट्टीचा पाऊस कोसळला की बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं.

परवानगीचं विसरू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे आणि तो सोसायटीच्या खासगी आवारालाही लागू आहे. झाडाला इजा करणंही या कायद्याने झाड तोडण्यातच धरलं आहे. त्यामुळे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी अर्ज करा. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटही चहूबाजूंनी मीटरभर काढून घ्या. मुळांना हवा-पाणी मिळालं नाही, तर वर कितीही छाटलं तरी झाड उन्मळायचं ते उन्मळणारच.

ठाणे महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवली १९८३ची. त्या सुमारास इमारती उभ्या राहताना आवारात लावलेली झाडं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. तुमच्या आवारातलं झाड तिथवर पोहोचायला थोडीच वर्षं उरली आहेत.

तेव्हा यंदा मे महिन्याची वाट पाहू नका. दिवाळीनंतरच्या पहिल्या मासिक सभेत हा विषय घ्या. दोन सभासदांवर जबाबदारी द्या. त्यांनी प्रत्येक झाडाभोवती फिरून कोणती फांदी काढायची आणि का, हे लिहून काढावं आणि त्या फांदीवर खडूची खूण करावी. कंत्राटदाराशी करार करताना अट घाला: खूण नसलेल्या फांदीला हात लावायचा नाही. आणि काम चालू असताना त्या दोघांपैकी एकाने झाडाखाली हजर राहावं.