परमा, पिंपरी आणि पुसद

परमा हा चारित्र्याचा रोग, सबब सरकारने त्यावर पैसा का खर्चावा, असे म्हणणारे महाभाग अजूनही आहेत. त्यांच्या नीतिमत्तेला दुरूनच नमस्कार. आमच्या मते हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे.

1943 पासून पेनिसिलीनने परमा बरा होऊ लागला. ते औषध गरिबांच्या आवाक्यात यावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. कालांतराने जंतू पेनिसिलीनला दाद देईनासा झाला. मग टेट्रासायक्लीन गेले, सिप्रोफ्लॉक्सासीन गेले. आज भरवशाचे म्हणावे असे सेफ्ट्रिॲक्झोनचे इंजेक्शन तेवढे उरले आहे.

औषधाची मारकशक्ती हे गावाचे सामायिक कुरण आहे आणि बाजाराने ते चरून टाकले आहे. सेफिक्झीमची गोळी 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून व नोंदीवाचून ती विकता येत नाही. पुसदच्या पेठेत काय, पुण्यात काय, ही नोंद कितपत ठेवली जाते हे वाचकांनीच पाहावे! मात्र दोष एकट्या दुकानदाराचा नाही. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेलेला मजूर आजारी पडला तर दिवसाची मजुरी बुडवून इस्पितळ कसा शोधील? तो हाती लागेल ती गोळी घेईल. त्याच्या पत्नीला पुष्कळदा लक्षणेच जाणवत नाहीत. लक्षणे पाहून औषध देण्याच्या सरकारी पद्धतीतून ती निसटते, आणि पुढे वंध्यत्वाचा बोल मात्र तिलाच लागतो.

एका मात्रेत रोगी बरा करणाऱ्या औषधात खासगी भांडवलाला रस नसतो, कारण त्यात गिऱ्हाईक टिकत नाही. झोलिफ्लोडासिन या नव्या औषधाला डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही एका ना-नफा संस्थेने अंतिम चाचण्यांचा भार उचलल्यावर. आपल्या सरकारने मात्र डिसेंबर 2016 मध्ये पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय घेतला. ज्या काळी सार्वजनिक औषधनिर्मितीची निकड सर्वाधिक, त्याच काळी तिचे माहेरघर लिलावात काढावे, याला धोरण म्हणायचे काय?

कार्यकर्त्यांनी पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे रोखठोक प्रश्न ठेवावेत. सेफ्ट्रिॲक्झोन बाराही महिने शिल्लक असते काय? जंतूची तपासणी येथेच होते, की रोग्याला यवतमाळचे भाडे पदरचे भरावे लागते? जोडीदाराला बोलावून उपचार केले जातात काय? उत्तरे लेखी मागावीत.