घराला खिडकी आहे का, हेही विचारा

साथ आली की दवाखाने भरतात, फवारणी होते, पत्रके वाटली जातात. साथ ओसरली की सगळे विसरतात. पण साथीचा एक परिणाम पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकतो. तो म्हणजे शहराच्या नकाशात झालेला बदल. आमचे स्पष्ट मत आहे की, आपल्या वस्त्यांनी या नकाशाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाट, अंधाऱ्या, कोंदट घरांमुळे रोग वाढतो, असे सरकारने धरले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा शहरात खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याला आखीव वसाहती वसवल्या. कामगारांसाठी ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या अशाच बीआयटी चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे राहिले. पण रस्त्यांसाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतल्या बहुतेक गरिबांना नव्या घरांचे भाडे परवडले नाही. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. वारा एका वस्तीला मिळाला आणि दाटी दुसरीच्या वाट्याला आली.

प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे ज्या रोगाचे मूळ कोंदट हवेत नव्हते, त्याच्यासाठी सरकारने हवेचे रस्ते काढले. कोरोना आणि टीबी मात्र खरोखरच हवेतून पसरतात. आणि आज गरिबांसाठी घरे बांधताना पहिली काटछाट होते ती हवेचीच!

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याचे आढळले. त्याच वॉर्डांतील इतर भागांत हे प्रमाण १६ टक्के होते. आपली माणसे निष्काळजी होती म्हणून हा फरक पडला, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. एका खोलीत सहा-सात माणसे, सगळ्या गल्लीला एकच शौचालय, नळावर रांग. तिथे अंतर ठेवायचे तरी कुठे? ही चूक नियोजनाची आहे.

झोपडी गेली आणि पक्के घर मिळाले, म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. जवळच्या, मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीच्या तुलनेत इथे टीबीचे रुग्ण कितीतरी जास्त आढळले. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळते, तिची किंमत राहणाऱ्यांची फुप्फुसे मोजतात.

म्हणून आमचे सांगणे आहे. पुनर्विकासाची बैठक असेल तेव्हा घर किती फुटांचे, एवढेच विचारून उठू नका. दोन इमारतींत अंतर किती? पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर ऊन येईल का? स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? पाणी दिवसाला किती तास? दवाखाना आणि मुलांचे मैदान नकाशात कुठे दाखवले आहे? उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशा मागा आणि त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. घरात राबणाऱ्या बायांना बैठकीत पुढे बसवा. घरात हवा कुठे कोंडते हे त्यांना सगळ्यांत आधी कळते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना देण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. विहारात एकत्र बसून अर्ज लिहा, सह्या घ्या, मुदतीत द्या आणि पोच घ्या.

ज्यांची घरे आधीच कोंदट आहेत, त्यांनी जिन्याच्या आणि पॅसेजच्या खिडक्यांसमोरचे सामान हलवावे, घराची दारे-खिडक्या दिवसा उघड्या ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आपल्या घरात किती वेगाने शिरेल, हे आज मंजूर होणारे नकाशे ठरवत आहेत. त्यांवर सही करण्याआधी ते वाचा.