कार्ड आहे, मत कुठे आहे?

"फोटो ओळखपत्र दाखवायला हरकत काय? चोराच्याच मनात चांदणे!" मतदारयादीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. गोव्यात २०२५ च्या नोव्हेंबरात याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हाही ऐकले.

मंडळी, ओळखपत्राला माझी हरकत नाही. शेषनसाहेबांनी १९९३ मध्ये त्याचा आग्रह धरला तो योग्यच होता. बोगस मतदान ही काही विरोधकांनी रचलेली कथा नव्हे. पण ओळखपत्राने फक्त चेहरा सिद्ध होतो. मत देण्याचा हक्क मिळतो तो यादीतल्या नावाने. आणि यादीच कापली तर?

हैदराबादचे उदाहरण घ्या. गौलीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत निजामाच्या काळापासून मराठी घरे आहेत. त्या शहरात ७ डिसेंबर २०१८ रोजी, विधानसभेच्या मतदानाला, कितीतरी लोक खिशात कार्ड घेऊन केंद्रावर गेले आणि नाव नाही म्हणून परत फिरले. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा त्यांतलीच एक. राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी रजत कुमार यांनी जाहीर माफी मागितली. माफीने मत थोडेच परत मिळते?

त्याआधी २०१५ च्या मार्चपासून मतदारयादी आधारशी जोडायची मोहीम चालली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्टमध्ये ती थांबली. पण नावे गळाली ती या जुळणीपायीच, असा आक्षेप घेणारी याचिका पुढे २०१८ मध्ये हैदराबादच्या उच्च न्यायालयात गेली.

यंत्राच्या जुळणीत मराठी माणसाचे काय होईल, विचार करा. आपण आडनाव शेवटी लिहितो, तेलुगू माणूस घराण्याचे नाव आधी लावतो. आपला ज्ञानेश्वर इंग्रजीत 'डी'ने सुरू होतो, तेलुगू वळणाने 'जी'ने. एका दाखल्यावर असा, दुसऱ्यावर तसा. संगणकाच्या लेखी ही दोन माणसे! बायकांची तर तऱ्हाच वेगळी. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, शाळेचा दाखला पहिल्या नावाचा, बँकेचे पासबुक दुसऱ्या. ही आपल्या गोव्यातल्या घराघरांतलीही गोष्ट आहे. मी स्वतः सरकारी कारकून. अर्जातल्या एका वेलांटीपायी माणसाला किती खेटे घालावे लागतात, ते रोज बघतो.

आता कायद्यातली गंमत पाहा. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत टाकून गेला, तर तुम्हाला वेगळी मतपत्रिका मिळते. केंद्रावरचा प्रतिनिधी दोन रुपये भरून एखाद्याच्या ओळखीला आव्हान देऊ शकतो. पण ज्याचे नाव चुकून यादीतूनच गेले, त्याला त्या दिवशी काहीच मिळत नाही. चोरीची भीती धरून सगळी कुलुपे केली, पण घरधन्यालाच बाहेर ठेवले तर त्यावर उपाय नाही.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की माणूस राहत नाही म्हणून नाव काढायचे, तर आधी त्याला म्हणणे मांडू द्या. तेवढे तरी पाळा. नोटीस घरी पोचल्याचा पुरावा नसेल तर नाव गाळू नका. आणि कार्डधारकाचे नाव चुकून गळाले असेल, तर त्यालाही मतदानाच्या दिवशी वेगळी मतपत्रिका द्या, चौकशी मागाहून करा. चूक खात्याची असताना शिक्षा मतदाराला, हा कुठला न्याय?