घोड्यावर बसणाऱ्याची रीत

आपल्या भाषेचे घोडेस्वाराविषयीचे मत फारसे चांगले नाही. कुणी आल्या आल्या निघायची घाई करू लागला की आपण विचारतो, "घोड्यावर बसून आलास का?" चर्चेत जो दुसऱ्याला बोलूच देत नाही तो 'आपलेच घोडे पुढे दामटतो'. घोड्यावरचा माणूस म्हणजे घाईतला, उंचावरचा आणि खाली न बघणारा, असे भाषेने ठरवूनच टाकले आहे. हे वाक्प्रचार घडवणारी माणसे बहुधा पायी चालणारी असावीत. टापांची धूळ ज्यांच्या तोंडावर उडाली, त्यांनाच असे शब्द सुचायचे.

या मताशी मी भांडणार नाही. पण ज्यांचे पोट घोड्यावर आहे अशा माणसांची एक रीत असते. ती मी जवळून पाहिली आहे, आणि आपण शिकलेसवरलेले लोक ज्याला शिष्टाचार म्हणतो त्याहून ती मला अधिक शहाणी वाटते. या लेखाचा खटाटोप तेवढ्यासाठी.

माझे मामा लग्नसराईत घोडी देतात. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. मामांची शाळा तर चौथीतच सुटली. त्यांच्याकडे दोन घोड्या आहेत. लग्नाच्या तिथी नसतात त्या दिवसांत त्यांना पहाटे फिरवून आणावे लागते. जनावर नुसते बांधून ठेवले तर त्याचे पाय सुजतात, अंगात मस्ती साठते, आणि मग पहिल्याच वरातीत नवरदेव जमिनीवर येतो. या फिरवण्याला पुस्तकी मराठीत 'रपेट' असा देखणा शब्द आहे. मामा त्याला 'घोडी टहलवून आणणे' म्हणतात. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जाते. कधी लगाम धरून पायी, रस्ता मोकळा असला तर पाठीवर.

वाटेत दुसरे घोडेवाले भेटतात. त्यांच्या भेटीत नमस्कार-चमत्कार फारसे नसतात, पण दुरून एकमेकांना पाहिले की दोघेही आपापले जनावर कदमावर आणतात. दुडक्या चालीने येणारा आधी सावकाश होतो. घोडा हा कळपातला प्राणी आहे. एक पळाला की दुसऱ्याचेही पाय शिवशिवतात, आणि दुसऱ्याच्या पाठीवर कदाचित नवशिका पोरगा बसलेला असतो. मागून पुढे जायचे असेल तर दुरूनच आवाज देतात. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. तिथे अचानक काही आले तर तो आधी लाथ मारतो आणि विचार मागून करतो. (हा स्वभाव घोड्यापुरता नाही, हे आमच्या वर्गप्रतिनिधींच्या सभेत बसलेल्यांना ठाऊक आहे.)

एखादी घोडी लाथाळ असेल तर तिचा मालकच दुरून ओरडतो, "मारते हो!" त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. इंग्लंडात अशा घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची पद्धत आहे. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या जनावराचा दोष आपणच आधी सांगायचा, म्हणजे समोरचा सावध होतो. माणसे आपापल्या दोषाची लाल फीत बांधून फिरू लागली तर अर्धी भांडणे होणारच नाहीत; पण ती फीत कोण बांधणार?

आणखी एक रीत आहे. दोन-तीन घोडी टाक्यावर पाणी पीत असतील तर आपली आधी प्यायली म्हणून कुणी निघून जात नाही. एक निघाली की दुसरी तोंड वर करते आणि तहानलेलीच तिच्या मागे लागते. म्हणून शेवटच्या घोडीचे पाणी पिऊन होईपर्यंत सगळे थांबतात. कुणी रिकिबीत पाय टाकून वर चढत असेल तरी थांबतात. बरोबर चालायचे तर चाल ठरते ती सगळ्यांत कच्च्या स्वाराच्या बेताने. घराकडचा शेवटचा टप्पा हळू चालवतच आणायचा, घामेजलेले जनावर तसेच ठाणावर बांधायचे नाही. एकदा मला उशीर होत होता म्हणून मी घाई केली, तेव्हा मामा म्हणाले, "घोडीले घाई नसते पोरी, घाई पाठीवरच्याले असते."

मित्रहो, यात कुठेही 'प्लीज' नाही आणि 'थँक्यू' नाही. तरी मला हे सौजन्य अस्सल वाटते, कारण ते धोक्यातून आणि कामातून आले आहे. इथे चूक झाली तर कुणाचे तरी हाड मोडते. आपल्याकडे असा समज आहे की सभ्यता वरून खाली झिरपते. साहेबाकडून बाबूकडे, बाबूकडून शिपायाकडे आणि उरलीसुरली टांगेवाल्याकडे. मी ती उलट्या दिशेने वाहताना पाहिली आहे. जो घोड्याच्या जवळ राहतो त्याला रीत ठाऊक असते. जो तासाभराचे भाडे देऊन वर बसतो त्याला ती सांगावी लागते.

माथेरानचेच पाहा. तिथे मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या, तरी लाल मातीच्या त्या वाटांवर घोडा अजून खरेखुरे वाहन आहे. घोडेवाला लगाम धरून शेजारून चालतो, पायी चालणाऱ्याला आवाज देतो, वळणावर घोडा आवरतो. वरचा पाहुणा मात्र मोबाईलमध्ये स्वतःचा फोटो काढत असतो आणि "जरा पळवा ना" म्हणतो. इंग्लंडने घोडा आणि मोटार यांच्या भेटीची रीत लिहूनच ठेवली आहे. जानेवारी २०२२ पासून त्यांच्या वाहतूक-संहितेत असे आहे की घोड्याजवळून जाताना मोटारीचा वेग ताशी १० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरच्या आत असावा आणि मध्ये निदान २ मीटर अंतर सोडावे. आपल्या वर्धा रोडवर २ मीटर जागा दिसली तर तिच्यात दोन स्कूटर आणि एक ऑटो शिरतो.

रस्त्यावरच्या रीतीचा विचार करताना आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी आठवायला हव्यात. पहिली अभिमानाची. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली चिंता गवताची आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला चारा आत्ताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, त्यांचे दाणे, गवत, भाजीपाला उचलाल. रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पैसे दिलेले आहेत, हवे ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवा पेटता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतके बारीकसारीक त्यात आहे. घोडेस्वाराने पायी चालणाऱ्याशी कसे वागावे याचा याहून नेमका मजकूर मी तरी वाचलेला नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच शहराची, आणि तिचा अभिमान धरता येत नाही. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाशी तह होऊन त्या थांबल्या. भोसल्यांना ओरिसा आणि सालीना १२ लाखांची चौथ मिळाली. आपल्या पुस्तकांत हा प्रकार 'पराक्रम' या मथळ्याखाली येतो. बंगालमध्ये त्याची आठवण निराळी आहे. ज्याला स्वतःचा घोडा नसे, सरकारी घोड्यावर बसे, तो स्वार बारगीर; शिलेदाराचा घोडा स्वतःचा. या बारगिराचा बंगालीत 'बर्गी' झाला, आणि मुलाला झोपवताना आई बर्गी येण्याची भीती घालू लागली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या लुटीवर 'महाराष्ट्र पुराण' नावाचे काव्यच लिहिले. पावणेतीनशे वर्षे होऊन गेली, भोसल्यांचे राज्य गेले, चौथ गेली, अंगाई राहिली. स्वार आपल्या वागण्याची नोंद कुठे सोडून जातो, हे त्यालाही कळत नाही. महालाच्या वैभवावर बोलणाऱ्या वक्त्यांनी कधीतरी या अंगाईचाही उल्लेख करावा, असे मला वाटते.

घोड्यावरच्या माणसाची रीत सांगून झाली. खाली उभ्या असलेल्यांचीही एक आहे. घोड्यावर कुणी बसावे हा प्रश्न आपल्या देशात अजून मिटलेला नाही. मार्च २०१८ मध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यात घोडा पाळणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. घोड्यावर बसू नकोस अशा धमक्या त्याला येत होत्या, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला आपली वरात गावातून नेण्यासाठी कोर्टापर्यंत जावे लागले, आणि शेवटी ती पोलिस बंदोबस्तात निघाली. आपण दीक्षाभूमीच्या शहरात राहतो, म्हणून हे दूरचे वाटते. मामांच्या घोडीवर सगळ्या वस्त्यांचे नवरदेव बसले आहेत. मी एकदा मुद्दाम विचारले, तर म्हणाले, "जात कायले विचारू? वजन विचारतो."

आता घोडीविषयी. ओझे वाहणाऱ्या आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. दिवसाकाठी ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावायचे नाही. नवरदेव हे ओझे धरायचे की नाही यावर वकिलांनी वाद घालावा. पण मे महिन्यात आपला पारा ४५ च्या पुढे जातो, हे सांगायला वकील लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाची वरात दुपारी दीड वाजता रस्त्यावर होती. नवरदेवासाठी चाकांवरचा कूलर ढकलत चालवला होता. डांबर पायाला चिकटत होते. मामांनी घोडीसाठी बादलीभर पाणी मागितले, तर उत्तर आले की पाण्याच्या बाटल्या पाहुण्यांपुरत्या मोजून आणल्यात. सुटाबुटातली, पदव्यांची माणसे होती ती. टाक्यावर शेवटच्या घोडीसाठी थांबणारे घोडेवाले मला तेव्हा आठवले.

आणि १९ फेब्रुवारी. शिवजयंतीला गल्लोगल्ली मिरवणुका निघतात, महाराजांच्या वेषातला मुलगा घोड्यावर असतो. त्यात वाईट काही नाही. मला तो देखावा आवडतो. पण मागच्या खेपेला मामांची घोडी ज्या मिरवणुकीत होती, तिथे डीजेची गाडी तिच्या कानापासून दहा हातांवर तीन तास वाजत होती. कुणीतरी फटाक्यांची माळ तिच्या पायाशी लावली. घोडी बुजली, दोन पायांवर उभी राहिली, आणि खाली आली ती लगाम धरलेल्या माझ्या मामेभावाच्या पायावर. अंगठ्याचे नख गेले, पाय महिनाभर सुजलेला होता. वरचा मुलगा वाचला तो याने लगाम सोडला नाही म्हणून. मिरवणूक थांबली नाही. घोषणा मात्र अधिक जोरात झाल्या. ज्यांच्या नावाने घोषणा चालल्या होत्या, त्यांनी गवताच्या गंजीजवळ दिव्याची वातदेखील नको म्हटले होते.

म्हणून आपल्या महाविद्यालयातून पुढच्या फेब्रुवारीत मिरवणूक काढणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे. घोडा आणायचाच असेल तर डीजे मागे, निदान शंभर पावलांवर ठेवा. ढोल चालेल, पण आधी दुरून वाजवून घोडीला ऐकवा. घोडीच्या मागे कुणी नाचायचे नाही. दर तासाला सावलीत थांबायचे, आणि पाण्याची बादली कुणाकडे असेल ते नाव आधी ठरवायचे, नाहीतर ती कुणाकडेच नसते. वर बसणाऱ्या मुलाने आदल्या दिवशी येऊन घोडीला गूळ-चणे भरवावेत, तिला त्याचा वास ओळखीचा होऊ द्यावा. स्कूटरवरून जाणाऱ्यांनी समोर घोडी दिसली तर हॉर्न वाजवू नये. तेवढ्याने आपला काही तास बुडत नाही.

मामांनी यंदापासून इसार घेतानाच दोन अटी घालायला सुरुवात केली आहे. घोडीच्या वीस पावलांत फटाका नाही, आणि लगाम धरणाऱ्याला पाहुण्यांच्या पंगतीत जेवण. पहिली अट सगळे हसून मान्य करतात. दुसरी ऐकून आतापर्यंत तिघांनी इसार परत नेला.