देवाचा पत्ता कोणी विचारावा?

परग्रहावरचा एक जीव राजस्थानच्या वाळवंटात उतरतो. यान परत बोलावण्याचे त्याचे यंत्र उतरताक्षणीच चोरीस जाते. ते कुठे सापडेल असे विचारता ‘देवच जाणे’ हे उत्तर मिळते. माणसांची बोली अक्षरशः खरी मानणारा तो जीव मग दिल्लीभर देवाचाच पत्ता विचारीत हिंडतो. राजकुमार हिरानी दिग्दर्शित आणि १९ डिसेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘पीके’ची ही अद्भुत कल्पना.

चित्रपटावर रोष उसळला, तो अकारण नव्हता. चर्च आणि मशीद कथेत ओझरती येतात. खलनायक मात्र हिंदू बुवाच. शंकराच्या वेशातील नटाची धावाधाव दाखवून हशा पिकविण्यात कोणता प्रबोधनाचा हेतू होता, हा प्रश्न आजही रास्त आहे. परंतु काही शहरांत चित्रपटगृहांची तोडफोड झाली, तिने काय साधले? चित्रपटाची गर्दी ओसरली नाही आणि आक्षेपांमागील विचार मात्र काचांच्या आवाजात बुडून गेला.

खरे उत्तर आपल्या अंगणात होते. भूम तालुक्यातील ईट ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. कच्चे मडके ओळखणाऱ्या गोरोबांनी संतमेळ्यात एकेकाच्या मस्तकावर थापटी मारली आणि साक्षात विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवांना कच्चे ठरविले. पुढे औंढा नागनाथी शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर त्यांना म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. पाय जिकडे वळवावेत तिकडे पिंडी प्रकटली, असे कथा सांगते. देव कुठे आहे, या प्रश्नासाठी या भूमीला परग्रहवासी पाहुण्याची गरज नव्हती. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच तो येथे विचारला गेला होता, तोही भक्तांकडूनच.

भेद आहे तो इथेच. चित्रपटातील पाहुणा प्रश्न विचारतो आणि यानात बसून निघून जातो. संत प्रश्न विचारून समाजातच राहिले. खेड्यापाड्यांत कीर्तने करीत भोळ्या श्रद्धेची उलटतपासणी घेणाऱ्या गाडगेबाबांनी हातातला झाडूही खाली ठेवला नाही आणि मुखातले ‘गोपाला’ही सोडले नाही. म्हणूनच त्यांचा कठोर शब्द लोकांनी आईच्या रागासारखा मानला.

मात्र या वारशाचा अभिमान फुकटचा नाही. श्रद्धेचा बाजार मांडणाऱ्या बुवाला जोवर आपण सतरंज्या अंथरून देतो, तोवर त्रयस्थाच्या थट्टेवर रागावण्याचा आपला अधिकार उणाच राहणार. गोरोबांची थापटी आधी आपल्या मस्तकावर पडली पाहिजे. मडके पक्के असेल, तर बाहेरच्या टिचकीने ते फुटत नाही. उलट खणखणीत वाजते.