बरोबर आकृतीचे गुण कशासाठी कापले?



सहामाहीच्या उत्तरपत्रिका या आठवड्यात मुलांच्या हाती आल्या. माझ्या नातीला विज्ञानाच्या पेपरात पाण्याच्या रेणूची इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना विचारली होती. ऑक्सिजनभोवती आठ इलेक्ट्रॉन, प्रत्येक हायड्रोजनपाशी दोन, सगळे तिने नीट दाखवले. फक्त दोन्ही हायड्रोजन एका सरळ रेषेत न मांडता कोनात मांडले. त्याचे गुण गेले. शेरा काय, तर ‘नमुना उत्तराप्रमाणे नाही’.

पाण्याच्या रेणूतल्या दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा आहे. तो मोजलेला आहे, त्यात मतभेदाला जागाच नाही. शाळेचे म्हणणे असे, की ठिपका संरचनेत आकार दाखवायचाच नसतो. मान्य! गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली ही मांडणी केली ती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा वाटून घेतल्या जातात हे सांगण्यासाठीच. मग जे विचारलेच नाही त्याचे गुण कापता कसे? सरळ रेघेला गुण आणि १०४.५ अंशांना दंड, हे कुठले रसायनशास्त्र?

प्रश्न एका गुणाचा असता तर मी पत्र लिहिले नसते. ऑक्सिजनवर बंधात न गुंतलेल्या दोन इलेक्ट्रॉन-जोड्या असतात. त्या दोन्ही बंधांना रेटतात, म्हणून रेणू वाकतो आणि वाकतो म्हणूनच पाणी ध्रुवीय होते. तो सरळ असता तर कार्बन डायऑक्साइडप्रमाणे दोन्ही बाजूंच्या ओढींनी एकमेकींना पुसून टाकले असते आणि पाण्यात मीठ असे विरघळले नसते. जो कोन समजला की अर्धे रसायनशास्त्र उलगडते, तोच कोन काढू नका असे आपण मुलांना शिकवतो आहोत.

मिथेनची तीच गत. दहावीच्या वह्यांत तो अधिकच्या चिन्हासारखा, ९० अंशांत काढला जातो. त्यातल्या दोन हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन घाला. कागदावर दोन वेगळे पदार्थ दिसतील, एकात क्लोरीन शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे, कारण कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात. हे १८७४ साली बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफने सांगितले, पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून शास्त्रज्ञांना पाठवल्या. आमच्या वर्गांत दीडशे वर्षांनंतरही पुठ्ठा पोहोचलेला नाही! हीच मुले अकरावीत ‘१०९ अंश २८ मिनिटे’ पाठ करतात, पण तो कोन हाताने कधी करून पाहत नाहीत.

आणि प्रयोगशाळांबद्दल तर बोलायलाच नको. रेणूंच्या प्रतिकृतींचे संच कपाटात कुलूपबंद, ‘मुले गोळे हरवतात’ म्हणून. अहो, हरवू देत. चिकणमाती आणि काड्यापेटीतल्या काड्या तरी द्या. परीक्षेला गाइड, तपासायलाही गाइड, मग शिक्षक कशासाठी आहेत?

परीक्षा घेणाऱ्या सर्वांकडे माझी मागणी साधी आहे. आकृतीखाली ‘ही रेणूच्या आकाराची नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या वाटणीची आकृती’ एवढी ओळ मुलांना लिहायला शिकवा. गुणदानाच्या सूचनांत स्पष्ट नोंदवा, की खरा कोन दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापला जाणार नाही. यासाठी ना निधी लागतो, ना समिती.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सांगली