केंद्र विकले गेले, गावाची बातमी कोणी सांगायची?

यॉर्कचे 'मिन्स्टर एफएम', हॅरोगेटचे 'स्ट्रे एफएम', चिचेस्टरचे 'स्पिरिट एफएम', गिल्डफर्डचे 'ईगल रेडिओ' ही नावे मराठी वाचकाच्या परिचयाची असण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील या मध्यम आकाराच्या शहरांत मात्र ती घरोघरी पोहोचलेली होती. बर्फ पडल्यामुळे आज कोणत्या शाळा बंद आहेत, नदीचे पाणी कोणत्या रस्त्यावर आले आहे, नगर परिषदेने वाहनतळाचे शुल्क वाढवले की नाही, हे सकाळच्या चहाबरोबर सांगणारी ही केंद्रे होती. १ सप्टेंबर २०२० रोजी ती सर्व नावे एकाच दिवशी पुसली गेली. कंप्रता तीच राहिली, परवानाही कायम राहिला. मात्र आता तेथे 'ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ' या एकाच नावाखाली जुनी गाणी वाजू लागली. स्थानिक बातमीपत्र, हवामान, वाहतुकीची माहिती आणि एखादा प्रादेशिक कार्यक्रम एवढा भाग वगळता बाकीचे सारे देशभर सारखेच झाले.

या घटनेचे मूळ त्याच्या दीड वर्ष आधीच्या व्यवहारांत आहे. फेब्रुवारी व मार्च २०१९ मध्ये बाउअर या जर्मन माध्यमसमूहाने ब्रिटनमधील चार कंपन्यांची स्थानिक केंद्रे पाठोपाठ विकत घेतली. सेलाडोर, लिंक्स एफएम, वायरलेस आणि यूकेआरडी या त्या चार कंपन्या. ५०हून अधिक केंद्रे अशा रीतीने एका मालकाच्या हाती आली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामक संस्थेने या खरेदीची सविस्तर चौकशी केली आणि मार्च २०२० मध्ये तिला सशर्त मान्यता दिली. ही अट पाहण्यासारखी आहे. छोट्या स्वतंत्र केंद्रांसाठी राष्ट्रीय पातळीवरील जाहिराती मिळवून देणारी एक संस्था या व्यवहारामुळे बंद पडण्याची शक्यता होती. म्हणून ते काम बाउअरने दहा वर्षे करावे, असे ठरले. जाहिरातींच्या बाजारातील स्पर्धेचे रक्षण झाले. पण यॉर्कच्या श्रोत्याला यॉर्कची बातमी मिळत राहील का, हा प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेतच नव्हता. तो कोणाच्या कक्षेत होता, हेच या प्रकरणातील कळीचे प्रश्नचिन्ह आहे.

सैल होत गेलेली अट

ब्रिटनमध्ये बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र १९६७ मध्ये लेस्टर येथे सुरू झाले. कायदेशीर व्यावसायिक रेडिओ आला तो ऑक्टोबर १९७३ मध्ये, लंडनच्या 'एलबीसी' आणि 'कॅपिटल' या केंद्रांच्या रूपाने. कंप्रता ही मर्यादित सार्वजनिक संपत्ती आहे, ती ज्याला वापरायला मिळते त्याने त्या बदल्यात त्या गावाची सेवा केली पाहिजे, हे तत्त्व त्या व्यवस्थेच्या मुळाशी होते. परवाना ही नुसती व्यापाराची मुभा नव्हती, तो एक करार होता.

हा करार हळूहळू विरत गेला. नियामक संस्था 'ऑफकॉम'ने २०१८ मध्ये नियम शिथिल केले. आठवड्यातील कामाच्या दिवशी सात तास स्थानिक कार्यक्रम देण्याचे बंधन तीन तासांवर आले. ज्या क्षेत्रातून कार्यक्रम केला तर तो 'स्थानिक' मानायचा, त्या क्षेत्राच्या सीमाही विस्तारल्या. २०१९ मध्ये 'ग्लोबल' या दुसऱ्या बड्या समूहाने 'कॅपिटल', 'हार्ट' आणि 'स्मूथ' या केंद्रांवरील सकाळचे स्थानिक कार्यक्रम बंद करून लंडनहून एकच कार्यक्रम सुरू केला. २०२० मध्ये बाउअरने केले ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते. २०२४ मध्ये लिव्हरपूलचे 'रेडिओ सिटी' आणि न्यूकॅसलचे 'मेट्रो रेडिओ' ही १९७४ पासूनची नावेही 'हिट्स रेडिओ'मध्ये विलीन झाली.

समूहांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. जाहिरातींचा ओघ इंटरनेटकडे वळला, विकत घेतलेल्यांपैकी काही केंद्रांचा ताळेबंद आधीच डळमळीत होता आणि २०२० च्या टाळेबंदीने स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती एका रात्रीत आटल्या, हे खरे आहे. 'ग्रेटेस्ट हिट्स'चा श्रोतृवर्ग नंतर मोठ्या प्रमाणावर वाढला, हेही नाकारता येत नाही. मात्र वाढलेला श्रोतृवर्ग गाण्यांचा आहे. गाणी ऐकायला शंभर साधने आहेत. गावातील पूल वाहतुकीस बंद झाल्याची वार्ता देणारी साधने तितकी नाहीत.

पोकळी भरणारे

पोकळी निर्माण झाली आणि ती भरून काढायला माणसेही पुढे आली. चिचेस्टरमध्ये 'व्ही-टू रेडिओ', हॅरोगेटमध्ये 'युअर हॅरोगेट', यॉर्कमध्ये 'यॉर्कमिक्स रेडिओ', स्कारबरो परिसरात 'धिस इज द कोस्ट' अशी नवी केंद्रे उभी राहिली. जुन्या केंद्रांतून बाहेर पडलेले निवेदक आणि व्यवस्थापक यांपैकी अनेकांच्या मागे होते. श्रोत्याला नावापेक्षा आवाजाची ओळख अधिक असते, या विश्वासावर त्यांनी मांडणी केली. डिजिटल रेडिओची स्थानिक वाहिनी व इंटरनेट यांचा त्यांनी आधार घेतला. मोठ्या खर्चाविना लहान क्षेत्रापुरते डिजिटल प्रसारण करता यावे म्हणून ब्रिटिश संसदेने २०१७ मध्ये केलेल्या कायद्याने पुढे अशा प्रयत्नांची वाट रुंद केली.

याखेरीज कम्युनिटी रेडिओची फळी होतीच. २००४ च्या आदेशान्वये ब्रिटनमध्ये नफा न कमावणाऱ्या, सामाजिक लाभासाठी चालणाऱ्या केंद्रांना स्वतंत्र परवाने मिळू लागले. आज त्यांची संख्या ३०० च्या पुढे आहे. सेवानिवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, गृहिणी असे स्वयंसेवक ती चालवतात. बीबीसीने २०२३ मध्ये इंग्लंडमधील आपल्या ३९ स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेचसे कार्यक्रम सामायिक केले, तेव्हा या केंद्रांवरील अपेक्षांचे ओझे आणखी वाढले.

मात्र या उत्साहाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादा झाकून चालणार नाही. पहिली मर्यादा पैशाची. कम्युनिटी केंद्रांनी व्यावसायिक केंद्रांच्या पोटावर पाय देऊ नये म्हणून त्यांच्या जाहिरात उत्पन्नावर प्रारंभी कडक बंधने होती. २०१५ मध्ये ती काहीशी सैल झाली. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी छोट्यांचे हात बांधले, ती स्थानिक व्यावसायिक केंद्रेच पुढे एकामागून एक नाहीशी होत गेली.

दुसरी मर्यादा बातमीची. स्वयंसेवक गावच्या जत्रेची घोषणा उत्तम करील, फुटबॉलचा सामना रंगवून सांगेल, एकट्या वृद्धांना सोबत देईल. परंतु नगर परिषदेच्या बैठकीला चार तास बसणे, न्यायालयातील सुनावणी समजून घेणे आणि अब्रुनुकसानीच्या दाव्याची जोखीम पत्करून बातमी देणे, हे पगारी व प्रशिक्षित वार्ताहराचे काम आहे. सद्भावना त्याची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी मर्यादा तंत्राची आणि तीच सर्वांत गंभीर आहे. नवी केंद्रे डिजिटल वाहिनीवर वा इंटरनेटवर आली, कारण एफएमची जुनी कंप्रता विक्रीबरोबर बड्या समूहाकडे गेली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'आर्वेन' वादळाने स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास घरांची वीज घालवली. काही घरांत ती आठवडाभराहून अधिक काळ आली नाही. वीज नाही, म्हणून इंटरनेट नाही आणि थोड्या वेळाने मोबाइलही नाही. अशा वेळी घरात उरतो तो बॅटरीवरचा साधा रेडिओ संच. त्या संचावर ज्याची कंप्रता लागते, त्यानेच त्या गावाशी बोलायचे असते. नेमकी तीच कंप्रता, गावात ज्यांचे पाय आहेत त्यांच्याकडे नसेल, तर पोकळी भरली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

ब्रिटनच्या २०२४ च्या माध्यम कायद्यात या अनुभवाचे अर्धेमुर्धे प्रतिबिंब पडले आहे. कोणत्या प्रकारचे संगीत द्यावे आणि कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावेत, ही बंधने या कायद्याने काढून टाकली. स्थानिक बातम्या व माहिती देण्याचे बंधन मात्र ठेवले आणि काही बातम्या तरी त्या क्षेत्रातच गोळा केलेल्या असाव्यात, असे तत्त्व त्यात आणले. शेकडो मैलांवर बसून वाचलेले गावचे बातमीपत्र 'स्थानिक' मानायचे नाही, ही त्यातील जमेची बाजू. पण तेथे वार्ताहर किती असावेत आणि पुराच्या रात्री केंद्रात कोण असेल, हे प्रश्न कायद्याच्या भाषेत सहज बसत नाहीत.

भारतात पोकळी नियमातच

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. फरक एवढाच की, ब्रिटनमध्ये केंद्र विकले गेल्यावर जे घडले, ते भारतात परवाना देतानाच घडलेले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. तरीही खासगी एफएम केंद्रे सुरू झाली ती स्वतःच्या बातम्या न देण्याच्या अटीवर. कम्युनिटी रेडिओ २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. पुणे विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'पासून माणदेशातील म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'पर्यंत महाराष्ट्रातही तो रुजला. पण बातमीच्या उंबरठ्यावर त्यालाही थांबावे लागले. दर तासाला दहा मिनिटे बातम्या देण्याची मुभा खासगी एफएमला मिळावी, अशी शिफारस 'ट्राय'ने सप्टेंबर २०२३ मध्ये केली, यावरून ही उणीव सरकारी यंत्रणेच्याही ध्यानात आली असल्याचे दिसते.

परिणामी स्थानिक वार्तांचा सारा भार आकाशवाणीवर राहतो. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय झाला. त्यावर श्रोत्यांपासून लोकप्रतिनिधींपर्यंत सर्वांनी नाराजी व्यक्त केली आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. यॉर्क आणि पुणे यांच्यातील हे साम्य बोलके आहे. एके ठिकाणी निर्णय खासगी समूहाचा, दुसऱ्या ठिकाणी सरकारी संस्थेचा. तर्क दोन्हीकडे एकच, की बातमी कुठूनही वाचली तरी ती तीच असते.

ती तीच नसते, हे नव्या केंद्रांना मिळालेल्या प्रतिसादाने दाखवून दिले आहे. मात्र लोक पुढे येतात म्हणून शासनाने आणि नियामकाने मागे सरावे, असा त्याचा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. केंद्राची विक्री हा दोन कंपन्यांमधील व्यवहार असू शकतो, कंप्रता मात्र त्या कंपन्यांची नसते. ती वापरण्याचा मोबदला गावाला वार्ताहराच्या रूपाने मिळावा, आणि ज्याला तो देणे परवडत नसेल त्याने ती कंप्रता गावातील केंद्राला परत द्यावी, एवढी अट विक्रीच्या कागदावर असायला हवी. ती नसेल, तर पोकळी भरण्याचे काम नेहमीच बिनपगारी माणसांच्या वाट्याला येईल.